चुली किती?

"आजी, घरात चुली किती?"

नळानं घरोघर गॅस देणाऱ्या कंपनीचा मनिष दारात उभा होता. पवनीत रस्ता खोदून पाइप येऊन राहिला होता आणि कोणाकडे किती मीटर बसवायचे, हे तो घरोघर विचारत फिरत होता. घर सुलोचनाबाईच्या नावावर, म्हणून विचारायचं तिलाच. ती ओसरीवर तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

दोन्ही सुना, डिंपल आणि अंजू, दाराआड कान देऊन होत्या. लेक इश्वर आणि कैलाश भिंतीला टेकून उभे. एरवी या दोघांना एकमेकांची सावली खपत नव्हती.

या घरात भांडणं काही कमी झाली नाहीत. पण वेगळं व्हायची गोष्ट निघाली की सुलोचनाबाई सिलेंडरकडे बोट दाखवायची. सरकार एका घराले एकच गॅस देते, मग दुसरी चूल कशावर पेटवता? लाकडाची मांडा म्हटलं की सुना आत वळायच्या. फुंकणी हातात घ्यायला एकही तयार नव्हती. म्हणून आजवर भात एकाच गंजात शिजला. माया कधीचीच आटली होती, नियम तेवढा धरून होता.

आता सरकारनं गॅसवाल्यांना मोकळं सोडलं. नवी कंपनी, नवा कायदा. जितक्या चुली तितके मीटर, असं मनिषनं चौकात सांगितलं आणि त्याच संध्याकाळी दोघा भावांचं कधी नव्हे ते एकमत झालं. समोरची खोली इश्वरची, मागची कैलाशची. आई एक महिना थोरल्याकडे जेवेल, एक महिना धाकट्याकडे. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं. भिंत पातळ, तिनं सगळं ऐकलं होतं.

"दोन सांगून दे ना आई," इश्वर म्हणाला.

सुलोचनाबाईनं सूप खाली ठेवलं. आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल, म्हणून दोघं तयारीत होते. तिला तर शिव्या द्यायचाही कंटाळा आला होता. पाखडलेले तांदूळ तिनं शेजारच्या लहानशा डब्यात ओतले. डबा एका माणसापुरताच होता.

"तीन लिही बाबू. अन् पयला माहा लाव. मले पाळीनं जेवाची सवय नाही."