आई काय म्हणाली

बशी वाजत होती.

रंभाजींनी कप ओठांपर्यंत नेला. अर्धा चहा बशीत सांडला, बशीतला सदऱ्यावर. बाकीच्या चौघा विश्वस्तांनी छताकडे पाहिलं. छत पत्र्याचं. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं.

अकोले तालुक्याच्या डोंगरातली लोककला संस्था, दुपारची बैठक. विषय एकच, आणि तो कुणी काढत नव्हतं.

"नाना," कानिफनाथ मास्तर रंभाजींना म्हणाले, "विषय असा हाय की..." आणि खाकरले.

"मास्तर, मघाधरनं नुसतं खाकरताय. पडसं झालंय, का विश्वस्त झाल्याचं वझं झालंय?"

रंगनाथ हसला. तो खाली सतरंजीवर, संबळ मांडीशी घेऊन. दिपाली हसली नाही. संस्थेची सचिव ती. संगमनेरच्या डॉक्टरांकडे नानांना तीच घेऊन गेली होती. आता पडले तर पुन्हा उठायचे नाहीत, हे तिनेच ऐकलं होतं. दगडाबाईला तिनेच सांगितलं होतं. दगडाबाई म्हणजे चौथी विश्वस्त, आणि रंभाजींची बायको. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

रंभाजी उभे. अध्यक्षांची खुर्ची रिकामी. तिच्यावर ते कधीच बसले नव्हते. नाचणाऱ्यानं बसू नये, म्हणायचे. बसला की बसला.

पुढच्या आठवड्यात बोहाडा. गावातून देवादिकांची सोंगं नाचत निघणार, सगळ्यात शेवटी जगदंबा. तिचा मुखवटा, कागदाच्या लगद्याचा, मागे लाकडी प्रभावळ, उचलायला दोन माणसं. रंभाजींशिवाय तो आजवर कुणी बांधला नव्हता.

"कळतंय मला," रंभाजी म्हणाले. "तुमच्या तोंडातनं निघंना, एवढंच. बांधा मुखवटा. एक फेरा घेतो. मग सांगा, नाना, तुमाला जमत न्हाई म्हनून."

"नाना, नको ना..."

"बांध गं."

दगडाबाईने घोट्यांत घुंगरू बांधले, हातात लाकडी तलवार दिली. दिपालीने आणि मास्तरांनी कोपऱ्यातला मुखवटा उचलला. रंगनाथने मागे फडकं आवळलं.

गाठ बसली.

इथून पुढे त्यांचं नाव घ्यायचं नाही. ही बोहाड्याची रीत. गाठ बसली की आत माणूस नसतो. बायकोला नवरा नसतो, पोरांना बाप नसतो.

खोलीत आता चौघे. आणि ती.

संबळ.

पाय

उचलला, आणि

हात! सगळ्यांनी आधी हात पाहिला. उजव्या हातात लाकडी तलवार. तलवारीचं टोक हवेत थांबलं होतं. खिळ्याला टांगल्यासारखं, नुसतं थांबलं होतं.

खुर्च्या मागे सरकल्या. कुणी ठरवून उठलं नव्हतं.

ती वळली. आधी घोट्यातले घुंगरू वळले, मग कंबर, मग खांदे, आणि शेवटी तो मोठा लाल चेहरा, सावकाश, एकेकाकडे पाहत. मास्तर लहानपणापासून हे सोंग पाहत आले होते. टेंभ्यांच्या उजेडात, गर्दीच्या मागून, लांबून. दिवसाढवळ्या, हातभर अंतरावर, कधी नाही. त्यांनी पाठ करून आणलेलं वाक्य

फेरा पुरा झाला. दुसरा कुणी मागितला नव्हता. तो सुरू झाला.

आता सांगायचं कुणी? आणि कुणाला? ज्याला सांगायचं, तो खोलीत नव्हता.

दगडाबाई पुढे आली. डोक्यावरून पदर घेतला, वाकली, त्या पावलांवर डोकं टेकवलं. रंगनाथने संबळ हळू केला. आईला कुणी काही विचारू लागलं की संबळ हळू करतात.

"आये, एक इचारू?"

मुखवटा तिच्याकडे झुकला.

"आमचं मालक लई नाचलं तुज्यासाठी. आता पाय ऐकत न्हाईत. मानूस लई हट्टी. माझं ऐकत न्हाई, ह्या पोरांचं बी न्हाई. तुजं ऐकंल. तूच सांग. नाचवू, का बसवू?"

संबळ थांबला.

पत्रा तापून कडकडला. कागदाच्या आतून श्वास ऐकू येत होता. तलवारीचं टोक तसंच. हललं नाही.

"बसव."

आवाज दिपालीला ओळखू आला नाही.

"लई नाचला. बसव त्याला. म्या आता कुनाच्या अंगावर यायाचं, ते माझं मी बगंन."

मग रंगनाथला आठवलं की गाठ सोडायची असते.

मुखवट्याखालून रंभाजी निघाले. घामाने भिजलेले, लांबच्या गावाहून चालत आल्यासारखे. आधी बोटं हलू लागली, मग मनगट, मग तलवार टेबलाच्या कडेवर टकटक वाजायला लागली. मास्तरांनी ती अलगद काढून घेतली.

"काय म्हनली आई?" रंभाजींनी विचारलं.

मास्तरांनी दिपालीकडे पाहिलं. दिपाली एका बाजूने आणि रंगनाथ दुसऱ्या बाजूने मुखवटा धरून उभे होते. खाली ठेवायचं दोघांनाही सुचलंच नव्हतं.

दगडाबाईने पदराने नवऱ्याची मान पुसली.

"बसा म्हनली."

रंभाजी तिच्याकडे बघत राहिले. मग मुखवट्याकडे. मग त्यांनी अध्यक्षांची खुर्ची ओढली, तवा तापलाय का बघावा तसा बैठकीवर तळवा ठेवला, आणि बसले.

"आईच म्हनली म्हनल्यावर..." ते म्हणाले. "चहा हाय का ऱ्हायलेला?"

दगडाबाईने कप भरून हातात दिला.

बशी वाजू लागली. बाकीचे अजून उभेच होते.