उसने हात

मेलबर्नच्या कलादालनात तिनं चाळीस वर्षांत रंगवलेली माणसं ओळीनं टांगली होती. महापौर, न्यायाधीश, बिशप.

बड्या मंडळींना बसायला वेळ कुठला? चेहरा रंगवून झाला की मानाचा झगा मागे ठेवून चालू पडायची. हात रंगवायचे राहायचे. मग ती परसातून नवऱ्याला हाक मारायची. तो सुतार. भुसा झटकून तो झगा चढवायचा आणि मुकाट बसायचा.

"माझं चित्र कधी?" त्यानं एकदाच विचारलं होतं.

"गिऱ्हाइकं आटोपली की."

गिऱ्हाइकं आटोपली नाहीत. मार्चमध्ये तोच गेला.

न्यायाधीशांची मुलगी चित्रापुढे डोळे पुसत म्हणाली, "बाबांचे हात हुबेहूब उतरलेत!"

चित्रात डाव्या अंगठ्याचं नख करवतीनं दुभंगलेलं होतं.

"उतरलेत खरे," चित्रकर्ती म्हणाली.

मग चेहऱ्यांकडे न बघता ती एकेका चित्रापाशी थांबत गेली. पहिल्या महापौराच्या मांडीवर ते हात तिशीतले होते, नख धड होतं. शेवटच्या बिशपच्या मांडीवर ते सुरकुतले होते, आणि एका बोटाला तिनंच बांधलेली पट्टी होती. ती चित्रातून गाळायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.