चियानचा भूकंप

१९९८ सालचा जून, दक्षिण चिलीतला ऐन हिवाळा. काराउएच्या दवाखान्यात लाकडाची शेगडी धगधगत होती आणि ओल्या लोकरीचा वास कोंडून राहिला होता. डॉक्टरांपुढे तिघी बसल्या होत्या. मधे मारिसेल, एका बाजूला तिची आई एर्सिरा, दुसऱ्या बाजूला सासू ओतिलिया.

मारिसेलच्या पित्ताशयात खडे निघाले होते. ऑपरेशन करणारे सर्जन महिन्यातून एकदा तेमुकोहून येत आणि मोजक्याच बायकांना टेबलावर घेत. बाकीच्यांनी थांबायचं.

"सेपुल्वेदा आलार्कोन." तरुण डॉक्टरने मारिसेलची दोन्ही आडनावं, बापाचं आणि आईचं, मोठ्याने वाचली. "मग तुम्ही पुढच्या वर्षी या. खडे इकडे घरोघर आहेत. पण मापुचे रक्ताच्या बायकांत त्यातून कॅन्सर होण्याचा धोका जास्त, आणि तो गुपचूप वाढतो. म्हणून त्या आडनावांच्या बायका आधी."

"घ्या! आता त्या इंडियन बायका पुढे आणि आम्ही मागे," ओतिलिया म्हणाल्या. मापुचे म्हणजे तिथले मूळ रहिवासी; त्यांना हिणवायचं तर लोक "इंडियन" म्हणत. मग विहिणीकडे वळून, "पण काही म्हणा विहीणबाई, सून करताना आम्ही रक्त बघून घेतलं, ते कामाला आलं."

"बघितलंत हो. बाजारातली मेंढी बघावी तसं, दात मोजायचे तेवढे राहिले होते," असं एर्सिरा एरवी म्हणाली असती. आज तिने शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"आईकडच्या कुणाला हा आजार?" डॉक्टरने विचारलं.

"आईकडचं कुणी नाहीच," मारिसेल पटकन म्हणाली. "सगळे चियानच्या भूकंपात गेले."

घरात हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. एकोणचाळीस साली चियान शहर जमीनदोस्त झालं, अंगावर पिणारी एर्सिरा तेवढी वाचली, नन्सनी वाढवली. त्या देशात भूकंपाचं नाव घेतलं की पुढे कुणी विचारत नाही. प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी कुठल्या ना कुठल्या भूकंपात गेलेलं असतंच.

चियान एर्सिराने कधी पाहिलंही नव्हतं. ती चोलचोल गावची, मापुचे अँतिलेफांची मुलगी. तिची आई गवताने शाकारलेल्या घरात, मेंढीच्या कातड्यावर पडल्या पडल्या वारली. डोळे पिवळेधमक झाले होते आणि अंगाला अशी खाज सुटली होती की ती मक्याच्या बुरकुंडाने खाजवायची. मागोमाग मावशीही तशीच गेली. पुढे एर्सिरा तेमुकोला धुण्याभांड्यांना लागली. मालकिणीची पोरं तिला "ए इंडियन" म्हणून हाक मारत आणि ती ओ देई. लग्न ठरलं तेव्हा तिने कचेरीत जाऊन आडनाव बदलून आलार्कोन केलं. मग बोलीही बंद केली. आपल्या पोरीला कुणी तशी हाक मारू नये, एवढंच तिला हवं होतं. तशी कुणी मारलीही नाही.

आता तीच पोर वर्षभर थांबणार होती, पोटात खडे घेऊन. खरं बोलावं, तर शेजारी ओतिलिया. मारिसेल त्यांच्याच घरात नांदत होती. त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, गास्तोनची, बायको म्हणून.

मारिसेल उठली. एर्सिरा हलली नाही. तेव्हा लेक वाकून कानाशी पुटपुटली, "चल आई. थांबेन मी वर्षभर. तू काही बोलू नकोस."

एर्सिराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. आईचं खोटं उघडं पडू नये म्हणून ही आपला जीव टांगणीला लावायला निघाली होती.

"डॉक्टर," एर्सिरा म्हणाली, "भूकंपात कुणी मेलं नाही. माझी आई चोलचोलला पिवळी होऊन गेली. मावशीही तशीच. मी अँतिलेफ आहे. हिला आधी घ्या."



"माझ्या घरात!" ओतिलिया म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्या घरात!"

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, या वयात तुम्हीही एकदा तपासून घ्या. तुमच्याकडे कुणी मापुचे…"

"आमच्याकडे? आमचे लोक स्पेनहून जहाजाने आलेले!" त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. त्या उठून निघून गेल्या. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

मारिसेलचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. काढलेल्या पित्ताशयात कॅन्सर नुकताच मूळ धरू लागला होता. तो तिथेच संपला. ती आजही काराउएला आहे, धडधाकट. गास्तोन बायकोला सोडणार, असं गावात बोललं जात होतं. त्याने सासूला एवढंच विचारलं, "मग नातवंडांना ती बोली कधी शिकवणार?" एर्सिराने ती शिकवली, अडखळत, आठवत आठवत. डॉक्टर पुढे सान्तियागोला गेला. आडनावावर त्याने पुन्हा कधी भरवसा ठेवला नाही. आजी कशाने गेली, हे तो आधी विचारतो.

ओतिलियांनी विहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पाच वर्षांनी त्या पित्ताशयाच्या कॅन्सरनेच गेल्या. कळलं तेव्हा कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. दफनाच्या दिवशी डोंगराकडून चार म्हातारी माणसं आली. गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांतली एक बाई शवपेटीवर हात ठेवून मापुचे बोलीत काहीतरी म्हणाली. जमलेल्या मोठ्यांत ते एकट्या एर्सिराला कळलं.

"ताई, आम्हाला बोलवायला केवढा उशीर केलास."