पहिला छेद

"आजोबा, आज जरा जोरात पळा," सेनबी हसला. "मागच्या वेळी माझा खडा लागलाच तुम्हाला."

प्रेताला छेद देणं पाप, म्हणून छेद देणाऱ्याने लगेच पळायचं आणि सोबत्यांनी मागून खडे मारायचे, ही ममी करणाऱ्यांची रीत. नेम मात्र मुद्दाम चुकवायचा.

आज छेद म्हातारा हेपू देणार होता. समोर इजिप्तचा कोवळा फॅरो निजला होता. रथातून पडून वारला, असं प्रधान सांगत होता. राणीने मात्र हेपूला गुपचूप विनवलं होतं, "तुम्ही बघा आणि खरं काय ते मलाच सांगा."

हेपूने ते डोकं हलकेच उचललं. मागे गदेच्या गोळ्याएवढी खाच होती. बाकी अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

"काय दिसलं?" दारातून प्रधानाने विचारलं.

"रथातून पडल्याची जखम, सरकार."

"मग डोकं एवढं निरखून का पाहिलंस?"

हेपूने पोटावर छेद दिला, सुरी ठेवली आणि तो वळला. अंगणात सोबती उभे होते, त्यांच्यामागे प्रधानाचे शिपाई. सेनबीची मान खाली होती. त्याने दोन्ही हातांनी एक मोठा धोंडा पेलला होता.

"पळ की आता," प्रधान शांतपणे म्हणाला. "तुमचीच रीत आहे."