तिसरे नाव

प्रयोगशाळेतल्या कुदळेमामांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक फिरत्या बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवले, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "ताई, हे गेलंय. आतल्या रिंगला चीर आहे." बेअरिंग उघडले. चीर तिथेच होती.

मामांच्या अशा साडेतीन हजार निदानांवरून माझा संगणक दोष ओळखायला शिकला. शोधनिबंधावर पहिले नाव विभागप्रमुखांचे, कारण विभाग त्यांचा, दुसरे माझे. मामा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. तुमचेही नाव घालते म्हटल्यावर ते हसले. "राहू द्या. दहावी नापासाचं नाव बघून परदेशातले लोक पेपर परत पाठवतील."

मी घातलेच.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला दालनात बोलावले. तिसऱ्या नावाभोवती लाल वर्तुळ होते. "हे कोण? आपल्याकडे या नावाचा प्राध्यापक नाही."

"एकतीस वर्षं आपल्याच प्रयोगशाळेत आहेत, सर."

"असतील. नाव काढा."

"मग आधी माझं काढा, आणि साडेतीन हजार निदानंही," मी म्हणाले. "तीच पुन्हा करायची झाली, तर प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, सर. जिना डावीकडे."