लाल स्विच

"आई, आज हे मशीन बंद करायचं नाही," सिद्धेशने तिसऱ्यांदा बजावलं.

इंदुताई हळदीकुंकवाचं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. खंडेनवमीला चिखलीतल्या सगळ्या कारखान्यांच्या शेडमधली यंत्रं थांबतात, पुसली जातात, पूजली जातात. चालू यंत्राला कुंकू लावायचं त्यांच्या मनाला पटेना.

पण सिद्धेशचा जीव टांगणीला लागला होता. चाकणच्या एका कंपनीसाठी तो तीन दिवस सलग स्प्रिंगांची चाचणी घेत होता. मशीनच्या हादऱ्यांनी संगणकाची डिस्क दोनदा मेली, म्हणून या पठ्ठ्याने भलताच उद्योग केला. एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत चढवली. चाचणीचे आकडेही तिथेच साठत होते. वीज तुटली की पाटी कोरी, एवढाच धोका. त्यावर त्याने मशीन आणि संगणक दोन्हींना मिळून एक इन्व्हर्टर बसवला आणि निर्धास्त झाला. बाराला चाचणी संपली की आकडे पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि आजच कंपनीत पोचवायचे. नाही पोचले तर काम दुसऱ्याला जाणार होतं आणि शेडला टाळं लागणार होतं.

शेवटी दत्तोबांनीच बायकोची समजूत काढली. पोराची नड आहे, एक वर्ष देवी सांभाळून घेईल, म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरलेली, तरी झेंडूची माळ त्यांनीच ओवली होती. ती त्यांनी मुलाच्या हातात दिली.

साडेअकरा झाले होते. सिद्धेश पुढे झाला आणि माळ घालायला त्याने उजवा हात मशीनमध्ये घातला.

डाव्या हाताने त्याआधीच लाल स्विच दाबला होता.

मशीन थांबलं. इन्व्हर्टरची वीजही त्याच स्विचमधून येत होती, त्यामुळे संगणकही विझला. सिद्धेश तिथेच खाली बसला. सहा वर्षांचा होता तेव्हापासून बापाने धपाटे घालून शिकवलं होतं, आधी स्विच, मग हात.

"बाबा, मीच बंद केलं," तो रडत म्हणाला. "सगळं गेलं."

पत्रा कापायच्या प्रेसमध्ये दत्तोबांची तीन बोटं गेली, त्या दिवशी कुणीच स्विच बंद केला नव्हता. ते मुलाशेजारी बसले. त्याचा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि आपल्या दोन बोटांनी त्याची पाचही बोटं एकेक करून चाचपली.

"सगळी हायत," ते म्हणाले.