दीड तासाचं अंतर

"मायसंग आज दुपारीच बोललो मी, मामा," नागपूरचं विमानतळ मागे पडताच अश्वजित म्हणाला. "विमानात बसाच्या आधी. चांगली बोलली. 'काही खाऊन घेजो,' म्हणे."

जागेश्वरच्या हातात स्टेअरिंग डगमगलं. समोरच्या ट्रकवाल्याने कर्कश हॉर्न मारला. रत्नमाला, म्हणजे या पोराची माय आणि जागेश्वरची सख्खी बहीण, सकाळीच गेली होती. तिच्यावर पांढरी चादर त्यानेच ओढली होती. पोरगा बंगलोरहून एकटा येणार, म्हणून त्याला 'तब्येत बिघडली, ये' एवढंच कळवलं होतं. रीतच आहे तशी. वाटेवरच्या माणसाला मयताची बातमी देत नाहीत.

मग दुपारी फोनवर बोललं कोण?

जागेश्वर भूतबीत मानणारा गडी नव्हे. दर पौर्णिमेला विहारात तो पोरांना ठणकावून सांगायचा, मेलेलं माणूस परत येत नसतं! आणि आता भर थंडीत त्याच्या पाठीवरून घाम चालला होता. आरशातून मागच्या रिकाम्या सीटकडे बघायची छाती होईना. मौदा गाव मागे पडेपर्यंत तो गाडी नुसती दामटत राहिला.

बहिणीचा आवाज मात्र कानातून जाईना. दर रविवारी लेकाचा फोन आला की तिचं ठरलेलं, "विमानानं किती वेळ लागते रे घरी याले?"

"दीड तास, माय."

"घ्या! दीड तासात तं आपल्या एकोडीची यष्टी भंडाऱ्याले बी नाही पोचत बा!" ती खळखळून हसायची. लेक म्हणायचा, सुट्टी भेटली की येतो. तीन वर्षं सुट्टी भेटली नाही. तिने विचारायचं सोडलं नाही.

जीव अडकला असेल बिचारीचा, जागेश्वरच्या मनात आलं. गाडी वैनगंगेच्या पुलावर चढली आणि पौर्णिमेचे सगळे उपदेश पाण्यात गेले.

"आवाज... मायचाच होता ना रे?" त्याने कसंबसं विचारलं.

अश्वजितने नदीवरची नजर न हलवता सांगितलं.

"आवाज मायचाच होता. बोलत प्रतिक्षा होती." प्रतिक्षा त्याची धाकटी बहीण. "लहानपणापासून मायची नक्कल करते. मायले बी हासू आवरत नसे. मी नीट घरी यावं म्हणून केलं तिनं. मले समजलं, हे तिले सांगू नका, मामा."

पूल संपताच जागेश्वरने गाडी कडेला घेतली. भीती गेली होती. त्याने इंजिन बंद केलं.

"मंग तुले समजलं कसं?"

"सारं मायवानीच बोलली." अश्वजितने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "फक्त विमानानं किती वेळ लागते, ते नाही विचारलं."